लॉन्ड्रीतला सराव

हार्लिंजन, टेक्सस
१४ ऑक्टोबर २०१८

प्रिय कासिल्दा मावशी,

डॉक्टरांनी तुला तीन महिने तोंड बंद ठेवायला सांगितलंय हे ऐकून मी आधी काळजीत पडले आणि मग, रागावू नकोस, हसत सुटले. बावीस वर्षं हॉस्पिटलात दुभाषीचं काम केलंस, जगभराच्या आजारांबद्दल बोललीस, आणि शेवटी आजार झाला तो घशालाच! फोनवर तू नुसती घुं घुं करणार आणि मोबाइलवर टाइप करायचा तुला कंटाळा. म्हणून हे पत्र. उत्तर दे. हाताला बंदी नाहीये ना?

माझं बरं चाललंय. ऑगस्टपासून मला एचआयव्हीच्या क्लिनिकमध्ये घेतलंय. डॉक्टरीणबाई इंग्रजीत बोलतात, पेशंट स्पॅनिशमध्ये आणि मी मधल्या स्टुलावर. बाळंतपणाच्या वॉर्डात मला सगळे शब्द यायचे, इथे रोज एक नवा डोंगर. परवा एक ट्रक ड्रायव्हर आला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचा व्हायरल लोड खाली आला पाहिजे. मी ते नीट सांगितलं. तो टोपी काढून म्हणतो, “लोड किती टनांचा आहे? आणि उतरवायचा कुठे, लारेडोला?” डॉक्टरीणबाईंना स्पॅनिश येत नाही, पण माझा चेहरा बघून त्याही हसल्या. मग त्यांनीच त्याला माझ्यामार्फत सोप्या भाषेत समजावलं, की रक्तात विषाणू किती आहेत त्याची ती मोजणी.

जानेवारीत माझी तोंडी परीक्षा आहे. ती पास झाले की पक्की नोकरी, आणि फेब्रुवारीत एवारिस्तोशी लग्न. त्याची आई दोन्या एर्मेलिंदा आत्तापासून केकच्या थरांवरून आपल्या बेकरीतल्या पोरांशी भांडतेय. तिला मी आवडते असं वाटतं. मागच्या रविवारी तिने मला पहिल्या घाण्यातला गरम पाव दिला, आणि तो ती फक्त पाद्रीबाबांना देते म्हणे.

तर मावशी, मला सरावासाठी संवाद लिहून पाठव. तुझ्यासारखे खऱ्या माणसांचे. पुस्तकातले पेशंट फार शहाणे असतात.

तुझी,
निएवेस


सॅन अँटोनियो
२२ ऑक्टोबर

निएवेस,

घशाची थट्टा करून झाली असेल तर कामाचं बोलू.

सोबत चार संवाद आहेत. पहिलाच सगळ्यात अवघड आहे, कारण त्यात डॉक्टर “अनडिटेक्टेबल” एवढा एकच शब्द टाकून मोकळे होतात. तू “सापडत नाही” असा शब्द बदलून देशील, पण पेशंटला वाटेल आजार गेला, आणि गोळ्या बंद. असं झालेलं मी पाहिलंय. लक्षात ठेव, दुभाषीने पदरचं काही घालायचं नाही आणि समोरच्याचं काही गाळायचं नाही. पण थांबवता येतं. “दुभाषी विचारतेय, याचा अर्थ डॉक्टरांनी स्वतः समजावून सांगावा,” असं म्हण. परीक्षक खूश होतात आणि पेशंट जिवंत राहतात.

दुसरं. पेशंट “मी” म्हणाला की तूही “मी”च म्हणायचं. “ती म्हणतेय की तिला” असं केलंस तर मार्क गेले. तू मध्ये नाहीसच, असं वाटलं पाहिजे. आणि मोठ्याने बोलायचं. पुटपुटून सराव केलास तर परीक्षेतही पुटपुटशील.

कुठे करायचा? घरात शेजारी भिंत ठोकतात. लॉन्ड्रीत जा. मी माझी सगळी तयारी लॉन्ड्रीत केली. ड्रायर घरघरत असले की तिथे कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, आणि कपडेही धुऊन होतात.

एर्मेलिंदाला सांग, केक तीन थरांचा पुरे. चौथा थर कुणीच खात नाही.

मावशी


हार्लिंजन
९ नोव्हेंबर

लाडक्या मावशी,

तुझ्या लॉन्ड्रीला माझा नमस्कार!

शनिवारी चादरी घेऊन गेले. आत चोनिता होती. तुला सांगितलं होतं बहुतेक, दोन्या एर्मेलिंदाची जिवाभावाची मैत्रीण आणि एवारिस्तोची धर्ममाता. ती पार तिकडच्या टोकाला बसून मासिक चाळत होती. सगळे ड्रायर चालू. मी तुझा पहिला संवाद काढला, भिंतीकडे तोंड केलं आणि घसा मोकळा सोडला. डॉक्टरही मीच, बाईही मीच. मजा यायला लागली होती.

आणि नेमकी वीज गेली. सगळी मशिनं एका क्षणात गप्प. मी आपली भिंतीकडे बघत खणखणीत आवाजात, “मला सहा वर्षांपासून एचआयव्ही आहे, डॉक्टर, आणि मी अजून माझ्या माणसाला सांगितलेलं नाही!”

वळून बघते तर चोनिताच्या मांडीवरचं मासिक खाली. मी हसत म्हटलं, “अहो, परीक्षेचा सराव चाललाय.” तर ती इतक्या मऊ आवाजात म्हणाली, “हो हो, बाळा. सराव. बरोबर.” मग अर्धे ओले कपडे पिशवीत कोंबले आणि गेली. जाताना दाराची मूठ ओढणीच्या टोकाने धरून उघडली.

दिवसभर मला आठवून हसू येत होतं. एवारिस्तोला सांगायचंय, पण थँक्सगिव्हिंग जवळ आल्यामुळे तो सध्या पिठात बुडालाय. भेटला की सांगेन.

संवाद मात्र झकास आहेत. ती सहा वर्षं लपवणारी बाई कोण गं? खरी होती का?

निएवेस


सॅन अँटोनियो
१५ नोव्हेंबर

निएवेस,

बाई खरी होती की नाही हे मी तुला सांगणार नाही, आणि मी का सांगणार नाही हे तुला परीक्षेत विचारतील.

पत्र वाचून मी हसले, तर घशासाठी घरी येणारी नर्स धावत आली. मला हसण्याचीही बंदी आहे. पण ते दाराच्या मुठीचं वाचून थांबले. जी बाई मूठ ओढणीने धरते ती गप्प बसत नाही. आजच्या आज एवारिस्तोला सांग. गोष्ट तुझ्या तोंडून आधी जाऊ दे.

मावशी


हार्लिंजन
२६ नोव्हेंबर

मावशी,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी बेकरीत गेले. काउंटरवरची पोरगी म्हणाली, एवारिस्तो भट्टीवर आहे, बाहेर येऊ शकत नाही. मला वाटलं, काम असेल.

गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला त्यांच्याकडे गेले. दारात दोन्या एर्मेलिंदा नेहमी दोन्ही गालांवर पापा घेते. या वेळी तिच्या हातात ट्रे होता, आणि तो ट्रे ती जेवण होईपर्यंत सोडायला तयार नव्हती. टेबलावर तिची चांगली काचेची ताटं मांडली होती, सोनेरी काठांची. माझ्यापुढे मात्र निळी एनॅमलची ताटली, काठाला टवके उडालेली, आणि प्लास्टिकचा चमचा. मला वाटलं, ताट कमी पडलं असेल. मी म्हटलंसुद्धा, “छान आहे हो ही, जुनी वाटते!”  चोनिता टर्कीच्या तंगडीकडे एकटक बघत होती.

एवारिस्तो भट्टीवरून उशिरा आला. माझ्यापुढची ताटली बघितली आणि मावशी, त्याचा चेहरा असा उतरला की मी घाबरले. न जेवता मागच्या अंगणात निघून गेला.

जेवणानंतर दोन्या एर्मेलिंदाने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ताटली वेगळ्या बादलीत होती, ब्लीचचा वास सुटलेला. ती म्हणाली, “मला सगळं कळलंय. तू त्या क्लिनिकमध्ये नोकरी का धरलीस तेही कळलं. गोळ्या फुकट मिळतात ना?”

मी म्हटलं, “अहो, तो सराव होता. आम्हाला पेशंटच्या जागी ‘मी’ म्हणावंच लागतं.”

“मग सोपं आहे. रक्त तपासून ये आणि कागद आण. नाताळाच्या आधी. कागद चांगला असला तर लग्न. नाहीतर माझा मुलगा आणि माझी बेकरी यांच्यापासून लांब राहा. गावाला कळलं तर पाव कोण घेईल माझ्याकडचा?”

मी म्हटलं, “कागद मी आणणार नाही.”

असं का म्हटलं ते त्या क्षणी मलाच नीट कळलं नव्हतं. पण तोंडातून गेलं, आणि आता ते मागे घ्यायचं नाही. चार दिवस झाले, एवारिस्तोचा फोन नाही. मीही केलेला नाही. आई असती तर काय म्हणाली असती?

निएवेस


सॅन अँटोनियो
३० नोव्हेंबर

निएवेस,

आई म्हणाली असती, तुझी जीभ मावशीवर गेलीय.

माझं ऐक. मंगळवारी जा, बोटातून थेंब दे, वीस मिनिटांत कागद हातात. तो त्या बाईच्या काउंटरवर आपट, पाव घे आणि घरी ये. तत्त्वं वगैरे लग्नानंतर. तुला तो मुलगा हवाय ना? मग त्याच्यासाठी एक टोचणी काही फार नाही.

हे लिहून मी कॉफी करायला उठले आणि परत येऊन बसलेय. निएवेस, एक विचारते. इतकी साधी गोष्ट असताना तू नाही का म्हणतेस? तू परीक्षेसाठी माझ्याकडून नेमके हेच संवाद मागितलेस. ती सहा वर्षांची बाई खरी का, हेही विचारलंस. मी काही म्हणत नाहीये. एवढंच सांगते, की तसं काही असलं तरी तू माझीच आहेस. माझ्याकडे खोली आहे, चांगले डॉक्टर आहेत, आणि तू माझ्या ताटात जेवशील.

तुझी मावशी


हार्लिंजन
६ डिसेंबर

मावशी! तूसुद्धा!

बावीस वर्षं हे काम केलेली बाई, जिने मला “मी” म्हणायला शिकवलं, तीच त्या “मी”ला फसली! मी पत्र वाचून स्वयंपाकघरात एकटीच ओरडले. मग शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि ओरडणं थांबलं. तुझ्या ताटात जेवायला मी कधीही येईन.

पण नाही, मला एचआयव्ही नाही. नोकरीला लागताना तपासलं होतं. घे, तुला सांगितलं. तू विचारलंस प्रेमाने, म्हणून सांगितलं. दोन्या एर्मेलिंदा विचारते ताटली पुढे करून. तिला सांगायचं नाही.

का ते आता कळलंय. ऐक. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या सोमवारी क्लिनिकमध्ये एक बाई आली होती. ती बोलत होती आणि मी इंग्रजीत म्हणत होते, “मी जेवायला बसले की माझ्या सुना मुलांना उचलून दुसऱ्या खोलीत नेतात.” तिच्यासाठी म्हणत होते, पण म्हटलं तर “मी”च ना? आता मी कागद फडकवून म्हणू, की बघा, मी त्यातली नाही, मला काचेचं ताट द्या? मग त्या बाईचं काय? या गावातल्या किती जणी आमच्या मागच्या दाराने येतात हे तुला सांगता येत नाही. पण त्यातली एखादी दोन्या एर्मेलिंदाच्या टेबलावर बसतही असेल. नसेलही. कागद दाखवला की त्या टेबलावर बसायला कागद लागतो, असा नियमच होऊन बसेल.

आता दुसरी बातमी. काल सकाळी दार वाजलं. एवारिस्तो. केसांत पीठ, डोळ्यांखाली काळं. हातात औषधाच्या दुकानातली पिशवी. त्यातून काय काढलं सांगू? गोळ्या ठेवायची डबी. प्रत्येक वाराचा वेगळा कप्पा असतो ना, ती. म्हणाला, “कुठल्या वेळी घेतेस? मी तसाही पहाटे उठतो. गजर लावत जाईन. आणि क्लिनिकमध्ये मला घेऊन चल, माझ्या डोक्यात शंभर प्रश्न आहेत.”

मी विचारलं, “दोन आठवडे कुठे होतास?”

“विचार करत होतो.”

“कशाचा? लग्न करायचं की नाही याचा?”

“नाही गं. ते पहिल्याच दिवशी ठरलं होतं. त्या ताटलीचा.”

मी त्याला खरं काय ते सांगितलं. सगळं, लॉन्ड्रीपासून. तो पायरीवर बसला आणि इतका हसला की समोरच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. हसता हसता रडला. मी ताटलीचं विचारलं, तर म्हणाला, आज नको, आईसमोरच सांगायला हवं. आईला तुझं खरं सांगू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, अजिबात नाही. त्यावर तो म्हणाला, “मग डबी ठेव. पैसे परत मिळणार नाहीत.”

तेवीस तारखेला त्यांच्याकडे नाताळचे तमाल करायला सगळ्या बायका जमणार आहेत. मला कुणी बोलावलेलं नाही, पण मी जाणार. काय बोलू ते सांग.

निएवेस


सॅन अँटोनियो
१२ डिसेंबर

निएवेस,

चूक झाली. बावीस वर्षं मी लोकांना शिकवत होते की दुभाषीचं “मी” तिचं स्वतःचं नसतं, आणि माझ्या भाचीच्या बाबतीत विसरले. माफ कर आणि हे पत्र जाळ.

काय बोलायचं ते मी सांगणार नाही. तिथे तू कुणाची दुभाषी नाहीस. पहिल्यांदाच “मी” म्हणशील ते तुझं असेल. पण सवय सोडू नकोस. विचारतील त्याचं उत्तर दे, पदरचं घालू नकोस, आणि कडू असलं म्हणून गाळू नकोस.

तो मुलगा ठेवून घे. डबीसकट.

मावशी


हार्लिंजन
२७ डिसेंबर

मावशी,

हे सगळं एका दमात सांगते, नाहीतर काहीतरी राहून जाईल.

तेवीसला गेले. मोठं टेबल, त्यावर मक्याच्या मळलेल्या पिठाचं घमेलं आणि भिजवलेल्या कणसाच्या पानांचा ढीग. सगळ्या गोल बसलेल्या, पानावर पीठ थापायचं, मटण भरायचं, घडी घालायची, की तमाल वाफवायला तयार. गप्पा नुसत्या ऊतू चाललेल्या. मी आत पाय टाकला आणि लॉन्ड्रीत वीज गेली तसं झालं.

एवारिस्तो चुलीवरच्या मोठ्या पातेल्यापाशी होता. त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली. दोन्या एर्मेलिंदा म्हणाली, “बस. पण पिठाला हात लावू नकोस, दमली असशील. कागद आणलास?”

“नाही आणला.”

“मग सगळ्यांसमोर सांग. आहे की नाही?”

मी म्हटलं, “तेवढं सोडून काहीही विचारा. मी रोज हेच काम करते. ज्याचं उत्तर मला माहीत आहे ते सांगेन.”

 मग चोनिताला राहवलं नाही. “डास चावला तर?”

“नाही होत.”

“संडासच्या सीटवरून?”

“नाही.”

“मिठी मारली तर?” हे एवारिस्तोच्या चुलतबहिणीने.

“नाही. मिठीने काही होत असतं, तर तू अजून बिनलग्नाची कशी राहिलीस?” हे मी नाही, कोपऱ्यातल्या आजीबाई बोलल्या. सगळ्या फुटल्या. मग प्रश्न असे सुटले की मला श्वास मिळेना. कपातून? नाही. पोहण्याच्या तलावातून? नाही. चोनिताने आवाज खाली घेतला, “आणि नवरा-बायकोत?”

मी म्हटलं, “त्यातून होतो. पण रोज गोळी घेतली तर विषाणू इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत. तसे ते खाली राहिले तर नवऱ्यालाही होत नाही. मात्र आजार गेला असं नाही. गोळी सोडली की ते पुन्हा वाढतात.” मावशी, तो तुझा अवघड शब्द मी एकदाही वापरला नाही.

या सगळ्यात एक बाई होती जिने काहीच विचारलं नाही. खाली मान घालून पान थापत होती, एकाच पानावर, पुन्हा पुन्हा. एवढंच लिहिते.

दोन्या एर्मेलिंदा ताडकन म्हणाली, “हे सगळं आजकालचं. माझ्या भावाला हा आजार झाला तेव्हा डॉक्टरांनी स्वतः सांगितलं होतं. फिदेन्सिओचं ताट वेगळं ठेवा, कपडे वेगळे धुवा, हात लावू नका. मी ऐकलं. एक वर्ष तो मागच्या पडवीत जेवला, त्या निळ्या ताटलीत. डॉक्टर काय खोटं बोलले?”

एवारिस्तोने पातेल्यावर झाकण ठेवलं. म्हणाला, “आई, डॉक्टर असं म्हणाले नव्हते.”

“तुला काय माहीत? तू नऊ वर्षांचा होतास.”

“हो ना. आणि त्या खोलीत इंग्रजी येणारा मी एकटाच होतो. डॉक्टर खूप वेळ बोलले. मला दोनच गोष्टी कळल्या, रक्त आणि सांभाळून. बाकी मी जुळवलं. तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघत होतात, मला काहीतरी सांगायलाच हवं होतं. शाळेत एका मुलाला कांजिण्या झाल्या होत्या, तेव्हा बाईंनी जे सांगितलं होतं तेच मी सांगितलं. ताट वेगळं. हात लावू नका.”



मग दोन्या एर्मेलिंदा माझ्याकडे वळली. इतक्या हळू विचारलं, “म्हणजे फिदेन्सिओ टेबलावर जेवू शकला असता?”

मावशी, मला काहीतरी गोड लावून सांगावंसं फार वाटलं. त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं, असं. पण माहीत होतं. डॉक्टरांना तेव्हाही माहीत होतं, फक्त ते आपल्या भाषेत सांगायला खोलीत माणूस नव्हता. मी म्हटलं, “हो. जेवू शकले असते. तुमच्याशेजारी बसून.”

तिने हात एप्रनला पुसले. बराच वेळ पुसत राहिली. मग एवारिस्तोजवळ गेली आणि त्याचं डोकं छातीशी धरलं, एवढा दाढीवाला माणूस! म्हणाली, “नऊ वर्षांच्या पोराला आम्ही काय काम दिलं!” मग परत येऊन घमेलं माझ्याकडे ढकललं. “बसून काय राहिलीस? थाप. पातळ थाप, आमच्याकडे जाड चालत नाही.”

कागदाचं पुन्हा नाव नाही.

पहिला घाणा निघाला तेव्हा तिने कपाटावरून ती निळी ताटली काढली. सगळ्या बघत राहिल्या. मी हात पुढे केला, तर तिने माझा हात बाजूला सारला, माझ्यापुढे सोनेरी काठाचं ताट ठेवलं, आणि ताटलीत स्वतःसाठी तमाल वाढून घेतले. टेबलावर बसून जेवली. सगळे संपवले.

निएवेस


सॅन अँटोनियो
३ जानेवारी २०१९

निएवेस,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. नर्सने विचारलं काय झालं, मी पाटीवर लिहून दिलं, “तमाल.”

आता एक काम राहिलं. एर्मेलिंदाला अजून वाटतंय की तुला आजार आहे. कागद दाखवला नाहीस ते बरोबर केलंस. पण आता ती तुला काचेचं ताट देतेय, आता सांगायला हरकत नाही. लग्नाआधी सांग. सासूपासून लपवायला पुढे पुष्कळ गोष्टी मिळतील.

सोमवारी मला बोलायची परवानगी मिळणार आहे. लग्नात भाषण करेन. लहानसं.

मावशी


हार्लिंजन
२१ जानेवारी

मावशी,

पास! “दुभाषी विचारतेय” असं मी दोनदा म्हटलं, परीक्षक दोन्ही वेळा खूश.

आणि सांगितलं. तुला कल्पना नाही काय चाललं होतं इथे. दोन्या एर्मेलिंदा रोज सकाळी फोन करायची, “गोळी घेतलीस का?” मी म्हणायची, “व्हिटॅमिन घेतली.” ती म्हणायची, “व्हिटॅमिनच म्हण, शेजारी ऐकतात.” बेकरीतून रोज माझ्यासाठी अंड्याचा पाव, ताकद यावी म्हणून. माझा लग्नाचा ड्रेस आता मागून बंद होत नाही.

काल गेले. ती परातीत पीठ मळत होती. मी म्हटलं, “दोन्या एर्मेलिंदा, मला एचआयव्ही नाही. कधीच नव्हता. लॉन्ड्रीत खरंच सराव चालला होता. कागद हवा असेल तर आता आणून देते.”

तिने मळणं थांबवलं नाही. मग एकदम थांबली. माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता परत ताटली.

“मग तमालच्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही मला ताट दिलं असतं. फक्त मला.”

तिने पिठाचा गोळा उलटला, पुन्हा उलटला. मग दाराकडे बघितलं, दार लोटलं आणि माझ्या कानाशी आली.

“हे बघ, हे त्या चोनिताला सांगू नकोस. काल ती तुझ्या उष्ट्या कपातून कॉफी प्यायली. तिला नीट सवय होऊ दे.”

केक चार थरांचाच आहे. चौथा तू खायचास.

तुझी,
निएवेस